रडणाऱ्या बाईला उत्तर द्यायचं नसतं

फोन वाजला तेव्हा तालीम चालू होती. जळगावात एका जुन्या डाळ मिलच्या गोदामात आम्ही तालमी करतो. भिंतीला हात लागला तर अजून तुरीच्या चुरीचा पिवळा भुगा बोटांना चिकटतो. तालमीत सगळ्यांनी फोन बंद ठेवायचे हा नियम माझाच, आणि गेली बारा वर्षं तो मोडणाराही मी एकटाच. माझा फोन समोरच्या खुर्चीवर उताणा पडलेला असतो, चालू. मंडळी यावरून टोमणे मारतात, मी मारू देतो. त्या दिवशी फोनवर भटूचं नाव दिसलं. भटू हा देवकाअक्काचा मुलगा. दोंडाईच्याजवळ आमचं गाव आहे, त्या गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावर तो गेटमन होता, आता निवृत्त झालाय. फोनवर लांबण लावायची त्याला सवय नाही. म्हणाला, "सर, माय गयी." मी विचारलं, कधी? "आतेच. तुम्ही या." मी चपला घातल्या आणि आमच्या नाटकात पाटलाचं काम करणाऱ्या प्रवीणला कुलूप लावायला सांगून तडक स्टेशन गाठलं. बाराची गाडी मिळाली. या वेळी मिळाली.

त्याला आता सहा आठवडे होऊन गेलेत. देवकाअक्का शाळेत गेलेली नव्हती. तिचं नाव छापून आलं ते फक्त आमच्या नाटकाच्या हँडबिलावर, तेही दोनदा चुकीचं. पण सव्वीस वर्षं मी कॉलेजात मुलांना शोकांतिकेचा उगम आणि विकास शिकवला, आणि ती गोष्ट मला स्वतःला कळली ती या बाईमुळे. तेव्हा तिच्यावर लिहायचं तर सरळ लिहायचं, माझी लाज जाईल तिथे जाऊ द्यायची, असं ठरवून बसलोय.

आमच्याकडे कुणी गेलं की नातेवाईक 'दारावर' येतात. पुरुष मुकाट्याने येऊन अंगणातल्या सतरंजीवर बसतात. बायका मात्र गल्लीच्या तोंडापासूनच सूर धरतात आणि घराच्या दाराशी येऊन हेल काढून रडतात. हे नुसतं रडणं नसतं, त्यात शब्द असतात. मेलेल्याला हाक मारायची आणि ऐकवायचं जिवंतांना. कुणी सासूला शेवटी पाणी दिलं नाही, कुणी भावाची खबर घेतली नाही, एरवी तोंडातून निघणार नाही ते सगळं त्या हेलात निघतं आणि तिथे ते माफ असतं. पुढे बसलेली बाई काही सांगते, मागच्या बायका तो सूर उचलून धरतात. मग कुणीतरी वयस्कर बाई पाण्याचा तांब्या घेऊन येते, रडणारीच्या पाठीवर हात ठेवून "राह्य बाई, आते राह्य" म्हणते, आणि रडणं तिथे थांबतं. पाणी दिल्याशिवाय कुणी थांबत नाही. आणि एक नियम कुणी कुणाला शिकवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतो. रडणाऱ्या बाईला उत्तर द्यायचं नसतं. देवकाअक्का आमच्या भावकीतली, आणि पंचक्रोशीत तिच्यासारखं रडणारी दुसरी नव्हती. तिने आपल्या दारावर यावं असंही लोकांना वाटायचं आणि येऊ नये असंही वाटायचं.

बारा वर्षांपूर्वी माझे वडील गेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मी तेव्हा जळगावात एका स्पर्धेच्या नाटकाची शेवटची तालीम घेत होतो. सकाळी दहाला गावाहून मोठ्या भावाचा फोन आला होता, आबांचं काही खरं दिसत नाही, ये. दुपारची गाडी होती. मी संध्याकाळच्या गाडीने पोचलो, तोवर आबा गेलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका दारावर आल्या. देवकाअक्का पुढे होती. डाव्या हाताने तिने दाराची चौकट धरली, डोळे मिटले आणि सुरू केलं, "दिनभर दारकडे दखी राह्यंता रे आबा... कोनी वाट दखी राह्यंता... तुना पोर्या उना रे आबा... नाटकमाना राजा उना... आते कोनले भेटाले उना..." आबा दिवसभर दाराकडे बघत वाट पाहत राहिला आणि पोरगा आला तो आता, असं ती सांगत होती. मागच्या बायकांनी सूर धरला. अंगणातले सगळे पुरुष खाली मान घालून बसले होते, आणि सगळ्यांच्या माना माझ्यामुळे खाली आहेत असं मला वाटलं. माझ्याने राहवलं नाही. मी उभा राहून चांगल्या खणखणीत आवाजात, जसा मी वर्गात बोलतो तसा, म्हणालो, "अक्का, मी दुपारीच निघालो होतो. गाडी लेट झाली."

बायकांचा सूर तुटला. असं कुणी कधी केलं नव्हतं. अक्काने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि हेल न सोडता त्याच सुरात विचारलं, "कोनती गाडी रे भाऊ?"

मी काही बोलायच्या आत भावकीतलीच सोजरकाकू तांब्या घेऊन पुढे झाली. राह्य अक्का, आते राह्य. सगळं आटोपल्यावर भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "रडती बाईले उत्तर देतस का रे? शहरमा जाईसन इतलं बी इसरी गया?" मी त्याच्यावरच चिडलो. खरं सांगायचं तर गाडी लेट नव्हती. मी त्या गाडीत बसलोच नव्हतो. सकाळी दहाला फोन आला, तो मी घेतला, येतो म्हणालो, फोन बंद केला आणि तालीम पूर्ण केली. आणि भटूची माय फाटकाजवळच राहायची. अप असो की डाऊन, कोणती गाडी किती वाजता गेली हे त्या बाईला घड्याळ न बघता कळायचं. हे माझ्या ध्यानात आलं ते उत्तर देऊन बसल्यावर.

पुढे महिन्याभराने मी वर्गात नेहमीचा तास घेत होतो. ग्रीस देशात देवाच्या उत्सवात लोकांचा घोळका गोल धरून गात असे, मग त्यातून एक जण बाहेर पडला आणि घोळक्याशी बोलू लागला, तो पहिला नट, पुढे दुसरा आला, मग तिसरा, आणि नाटक उभं राहिलं. मुलं लिहून घेत होती. ही टिपणं मी इतक्यांदा दिली होती की झोपेतही देऊ शकलो असतो. आणि एकाएकी माझ्या मनात आलं की तो पहिला माणूस घोळक्यातून बाहेर का पडला असेल? एकाही पुस्तकात ते दिलेलं नव्हतं. घोळका त्याला लागेल असं काहीतरी गायला असणार, आणि याच्याने गप्प बसवलं नसणार. माझ्यासारखाच कुणीतरी खोटारडा. तोंड उघडून बसला आणि नाटक सुरू झालं... आपल्याकडे शोकांतिका नव्हती, आपली नाटकं शेवटी गोड होतात, असं त्याच तासाला पुढे सांगायचं असे. त्या दिवशी ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आमच्या गल्लीत ती होती, मीच तिथे नव्हतो.

मी अक्काकडे गेलो. ती ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. आबांच्या दारावरचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. मी म्हणालो, तुम्ही बायका माझ्या नाटकात या. ती हसली. "नाटकमा खोटं रडतस. माले खोटं येत नही." मी म्हणालो, खोटं नकोच आहे, आधी गोष्ट तर ऐका. एका गावचा पाटील तळं खोदतो, पाणी लागत नाही. कुणीतरी सांगतं, घरातलं माणूस दे. तो सून देतो. नाटक सुरू होतं ते गावच्या बायका पाटलाच्या दारावर येतात तिथून. अक्का देठं खुडत राहिली. मग तिने विचारलं, "मंग पानी लागनं का?" मी म्हणालो, लागलं. तिने हातातली मिरची खाली ठेवली. "मंग तं जास्तीच वाईट."

शोकांतिकेची याहून चांगली व्याख्या मला कुठे मिळालेली नाही. पाणी लागलं नसतं तर पाटील नुसता मूर्ख ठरला असता. ही गोष्ट मी पोरांना तासभर फळा भरून समजावत असे.

अक्का धरून सात बायका तयार झाल्या. गोदामात पहिल्या तालमीला आल्या तेव्हा आधी चहा झाला, मग जागा कुणी कुठे धरायची यावर भांडण झालं, आणि मग अक्का उभी राहून म्हणाली, "दार कथं शे?" मी सांगितलं, दार आहे असं समजायचं. आधुनिक रंगभूमीवर असंच असतं. "समजीसन कसं रडानं? हात कथं ठेवू?" दोन दिवस तालीम अडली. शेवटी गावच्या निंबा मिस्तरीने एका मोडलेल्या घराच्या कडुनिंबाच्या लाकडातून चौकट करून दिली, खाली आडवे पाय लावून, म्हणजे कुठेही उभी राहील अशी. तेव्हापासून आमच्या नाटकाचा सेट म्हणजे ती एक चौकट. अक्काने डाव्या हाताने ती धरली आणि गोदामात पहिल्यांदा तो सूर लागला. दाराबाहेर हमाल चहा पीत बसले होते, ते टोप्या काढून उभे राहिले.

धुळ्याच्या प्रयोगात एक प्रकार झाला. बायकांचा हेल टिपेला पोचला आणि पहिल्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या उठल्या, आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली घेऊन सरळ स्टेजवर चढल्या. राह्य बाई, राह्य. आमचा प्रकाशयोजनावाला माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. त्या म्हाताऱ्यांना नाटक कळलं नव्हतं असं नाही. पुढच्या बाईचं लुगडं किती छान आहे, पाटलाच्या मिशा चिकटवलेल्या आहेत, हे सगळं त्या आधी बोलून मोकळ्या झाल्या होत्या. पण कुणी रडतंय आणि आपण खुर्चीवर बसून राहायचं, हे त्यांना जमेना. त्यानंतर जळगावला मोठ्या नाट्यगृहात प्रयोग झाला, तिथे कुणीच उठेना. शिकलेले प्रेक्षक, डोळे पुसत बसलेले. आणि अक्का थांबेना. पाणी दिल्याशिवाय थांबायचं कसं? पाच मिनिटांचा प्रवेश वीस मिनिटं चालला, मी विंगेत घामाघूम. शेवटी नाट्यगृहात झाडलोट करणारी एक बाई कूलरमधून प्लास्टिकच्या ग्लासात पाणी घेऊन आली तेव्हा सुटका झाली. त्या दिवसापासून स्टेजच्या कडेला भरलेला तांब्या ठेवतो. प्रेक्षकांतून कुणीतरी उठेपर्यंत प्रवेश संपत नाही, हे आता नाटकातच आहे. तांब्या ठेवायला लागल्यापासून कुणी उठलं नाही असं झालेलं नाही.

अक्काचं आणि माझं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवर होतं आणि ते बारा वर्षं चाललं. पाटील दाराबाहेर येतो तेव्हा त्याला मी दोन पानी भाषण लिहिलं होतं. गावाची तहान, पोरंबाळं, कर्तव्य, सगळं. मला त्याचा फार अभिमान होता. शोकनायकाची बाजूही तितकीच बळकट पाहिजे असं मी शिकवत आलो, आणि प्रवीण पाइपच्या कारखान्यातली पाळी संपवून येऊन ते असं म्हणायचा की टाळ्या ठरलेल्या. अक्काला ते पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. "जो इतलं बोलस, तो भाईर येलच नही. दारना आडेच शे अजून." मी म्हणायचो, अक्का, त्याचीही काही बाजू असेल की नाही? ती म्हणायची, "शे ना. पन आम्ही बाजू इचारी नही. काय करं ते इचारं." काय केलंस, एवढंच त्या बायकांचं विचारणं होतं. दर प्रयोगाला मी त्यातली दोन-चार वाक्यं कापायचो, ती कुरकुरायची, मी आणखी कापायचो. दोन पानांच्या चार ओळी झाल्या. त्या चार ओळींवर मी हटून बसलो. हट्टात ती मला ऐकणारी नव्हती आणि मी तिला. तिचा नवरा गेला तेव्हा ती दारात बसून होती, पण रडली नव्हती, ते गावात अजून बोललं जातं. मी एकदा धीर करून विचारलं तर म्हणाली, "काय रडू? बठ्ठं तो जित्ता व्हता तवयच सांगी टाकं मी." आणि खदखदून हसली.

जाण्याआधी पंधरा दिवस मी तिला भेटून आलो. दाराजवळच खाट टाकलेली होती. आवाज पार बसला होता. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "भाषन काढं का?" मी म्हणालो, चार ओळी राहिल्यात. "राहू दे," ती म्हणाली. "तुले जड जाई." मी बराच वेळ बसलो, भटूच्या सुनेने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, तो खाल्ला. निघताना वाकून पाया पडलो तेव्हा तिने विचारलं, "कोनती गाडीवर जाशी?" म्हातारी माणसं निघणाऱ्याला जसं विचारतात तसंच, सहज. मी म्हणालो, चारची. "टाईमवर शे ती," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं, बारा वर्षं ठाऊक होतं, आणि तिने ते एकदाही माझ्या अंगावर टाकलं नव्हतं. तिथे खाटेजवळ बसून सांगून टाकलं असतं तर झालं असतं. दोनच वाक्यं होती. पण बाहेर रिक्षा हॉर्न वाजवत होती, आणि मी पुढच्या वेळी सांगू म्हणून उठलो. मला हे लिहितानाही स्वतःचा राग येतोय.

भटूच्या फोननंतर मी गावात पोचलो तेव्हा अंगणात सतरंजी पडली होती. मी पुरुषांत जाऊन बसलो. गल्लीच्या तोंडाशी सूर आला, बायका आल्या, आमच्या नाटकातल्या सहाही त्यांत होत्या. पण सांगणारी गेली होती. मागे राहून सूर धरणाऱ्या सगळ्या, पुढे होऊन बोलणारी कुणी नाही. नुसता हेल चालू होता, त्यात शब्दच नव्हते. ज्या बाईने शंभर दारांवर लोकांचं सांगितलं, तिच्या दारावर सांगायला कुणी नाही... ते मला सहन होईना. मी उठलो. पुरुष उठत नाहीत, ते मला त्या दिवशी पक्कं माहीत होतं, तरी उठलो. दाराशी जाऊन तिच्यासारखी डाव्या हाताने चौकट धरली. मला हेल काढता येत नाही. शाळा सुटल्यापासून जी बोली मी चारचौघांत बोललो नव्हतो तिच्यात, साध्या आवाजात म्हणालो, "अक्का, कोनतीच गाडी नही. मी निघेलच नव्हतू. दादाना फोन उन्हा, मी बंद करी दिधा, आनि तालीम पुरी करी. आबा वाट दखी राह्यंता, माले माहीत व्हतं."

माझा भाऊ तिथेच बसला होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. कुणी एक अक्षर बोललं नाही, कारण रडणाऱ्याला उत्तर द्यायचं नसतं. आणि मी तसाच उभा राहिलो, चौकट धरून, पुढे काय करायचं ते न कळून. मग सोजरकाकू उठली. तिने घरातून तांब्या आणला, माझ्या हातात दिला, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली, "राह्य भाऊ. आते राह्य." मी पाणी प्यायलो.

दिवस होऊन गंधमुक्तीचा कार्यक्रम झाल्यावर सहाही बायका माझ्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता नाटक बंद म्हणणार. सोजरकाकू म्हणाली, "तालीम कवय शे?" अक्काच्या जागी तीच उभी राहतेय. तिचा आवाज पातळ आहे, शब्द सुचायला वेळ लागतो, पहिल्या तालमीला ती तीनदा अडखळली. अडखळू दे. बायका जळगावातच मुक्कामाला आल्यात, आम्ही रोज करतोय. पुढच्या महिन्यात दोंडाईच्याला प्रयोग आहे आणि तो होणार आहे.

चौकट गोदामातच असते. तालमीला मंडळी यायच्या आधी मी ती स्वतः उभी करतो, फडक्याने पुसतो. डाव्या बाजूला, अक्काच्या खांद्याच्या उंचीवर, लाकूड हातभर काळं आणि गुळगुळीत झालंय. निंबा मिस्तरी परवा रंधा मारून देतो म्हणाला, त्याला मी हात लावू दिला नाही. पाटलाच्या त्या चार ओळी मी काढल्या. प्रवीणने विचारलं, "सर, मग मी बाहेर येऊन म्हणू काय?" मी म्हणालो, "एवढंच म्हण, 'मी करं.' आणि उभा राहा." तो म्हणाला, नुसतं उभं राहायचं? कुठवर? मी म्हणालो, पाणी येईपर्यंत. मग मी खुर्चीवर जाऊन बसलो, फोन चालू आहे ना ते पाहिलं, आणि सोजरकाकूला म्हणालो, "अक्का, सुरू करा." चुकून म्हणालो. तिने ते चालवून घेतलं, आणि त्या काळ्या जागेवर हात ठेवला.